काही कमी नाही, साहेब

मला कुणाचाही आवाज काढता येतो. येवल्याला शाळेत असताना मी हेडमास्तरांच्या आवाजात खिडकीबाहेरून पाचवीच्या वर्गाला सुट्टी देऊन टाकली होती, आणि पोरं दप्तरं उचलून खरंच घरी गेली. हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावून छडी मारली. मारून झाल्यावर दार लावलं आणि म्हणाले, "आता परत काढ बरं." मी काढला. ते खुर्चीत बसून पोट धरून हसले, आणि मग हसल्याबद्दल अजून एक मारली.

सांगायचं कारण एवढंच, की पुढं जे सांगतोय त्यात कोण काय बोललं हे माझ्या डोक्यात जसंच्या तसं आहे. तारखा विचाराल तर सांगता यायच्या नाहीत. आवाज मात्र जात नाहीत.

माझी दहावी झाली तेव्हा पप्पांना नाशिकला कंपनीत काम लागलं. म्हणजे कंपनीच्या ठेकेदाराकडं लागलं, पण आम्ही सगळ्यांना कंपनीतच सांगायचो. नाशिकरोडच्या बाजूला एका वस्तीत भाड्यानं दोन खोल्या घेतल्या. वस्तीत सगळी आपली बौद्ध माणसं. कुणी रेल्वेत सफाईला, कुणी भाजी मार्केटला, कुणी रिक्षावर. मधोमध विहार, विहाराला लागून नळ, आणि नळावर दिवसभर भांडणं. माझा तर अभ्यासक्रमच होता तो. आठवड्याभरात मी नळावरच्या सगळ्या बायकांचे आवाज काढायला लागलो, आणि त्याच बायका मला बोलावून एकमेकींचे आवाज काढायला लावायच्या.

ताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. ती माझ्या एकदम उलट. मी घरात घुसलो की ती कानात कापूस घालायची आणि पुस्तकात डोकं. तिला इंजिनियरिंगला नंबर लागला, इलेक्ट्रिकलला, नाशिकमध्येच. आमच्या वस्तीतनं इंजिनियरिंगला गेलेली ती पहिली. विहारात तिचा सत्कार झाला, शाल आणि गुलाबाचं फूल. शेजारच्या काकू त्या दिवसापासून तिला नावानं हाकच मारेनात. "आमची इंजिनेर आली का? इंजिनेरला म्हणाव, भाजी घेऊन जा." ताई लाजायची. "काकू, अजून व्हायचंय." काकू म्हणायच्या, "मग काय झालं. भात शिजायला ठेवला की आपण भातच म्हणतो, तांदूळ म्हणत नाय."

पहिलं वर्ष निघालं. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर होता, पण मंजूर झालेलं खात्यात यायचं नाव घेईना. ताई रोज मोबाईलवर बघायची, तिथं रोज तेच, 'तपासणी सुरू'. कॉलेजच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, आधी तुम्ही भरा, सरकारचं आलं की परत घेऊन जा. नाही भरलं तर दुसऱ्या वर्षाला नाव लागणार नाही. पप्पांनी हात जोडले. साहेब म्हणाले, "माझ्या हातात असतं तर मीच भरली असती." हे वाक्य मी घरी येऊन काढून दाखवलं, नाकातनं. कुणी हसलं नाही.

मग ताईला कुणीतरी एका ट्रस्टचं सांगितलं. आपल्याच समाजातले, शिकून मोठे झालेले, रिटायर झालेले काही इंजिनियर लोक. त्यांनी मिळून काढलेला ट्रस्ट. आपल्या मुलांना इंजिनियरिंगची पूर्ण फी देतात, चारही वर्षं. मार्क लागतात, पण मार्कांवर नाही देत, परिस्थितीवर देतात. ज्याला खरंच गरज आहे त्याला. ताईनं अर्ज केला, दाखले लावले, मुलाखत देऊन आली. आल्यावर पहिल्यांदा मला म्हणाली, "काढ रे माझ्या एचओडींचा आवाज." म्हणजे मुलाखत चांगली गेली असणार.

आठ-दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. पप्पांनीच उचलला. फोनवर ते उभे राहून बोलत होते. "हो साहेब. हो साहेब. या की साहेब." फोन ठेवून त्यांनी आमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "रविवारी साहेब येणारेत. घरी."

"कुठले साहेब?" आई म्हणाली.

"ट्रस्टचे. मोठे इंजिनेर आहेत. धरणं बांधलीत त्यांनी इगतपुरीकडं. आपल्यातलेच आहेत."

पप्पांच्या आयुष्यात कुठलाच साहेब घरी आलेला नव्हता. त्यांच्यासाठी साहेब म्हणजे ज्याच्या केबिनबाहेर टोपी हातात घेऊन थांबायचं असतं तो. आणि आता आपल्यातलाच एक माणूस, धरण बांधणारा, आपल्या दारात येणार. पप्पांनी फोनमधलं फक्त तेवढंच ऐकलं. ते कशाला येणार, हे त्यांच्या कानापर्यंत गेलं असेल, आत नाही गेलं.

ताईनं सांगितलं की. माझ्यासमोर सांगितलं. "पप्पा, ते परिस्थिती बघायला येतायत."

पप्पा म्हणाले, "मग? चांगली दाखवायची का वाईट?"

तेवढ्यात काकू आल्या आणि मग कुणालाच बोलायला मिळालं नाही.

मुलीच्या घरी मोठी माणसं यायची म्हटलं की आमच्या वस्तीला एकच पद्धत ठाऊक. स्थळ येतं तेव्हाची. पोरीच्या घरात जे नाही ते आजूबाजूच्या घरांतनं येतं. कुणाचं टीपॉय, कुणाच्या बश्या, कुणाची चांगली चादर. पाहुणे गेले की ज्याचं त्याच्या घरी. ह्याला कुणी उसनं म्हणत नाही, आणि कुणी कधी नाही म्हणत नाही, कारण आज तुझ्या पोरीला तर उद्या माझ्या. सगळ्यांना माहीत होतं की हे स्थळ नाही, स्कॉलरशिप आहे. पण हात सवयीनंच हलले. रविवारी सकाळी आमच्या दारात रांग लागली.

रिक्षावाले मामा टीपॉय घेऊन आले. कुणी पडदा आणला, दांडीसकट. कोपऱ्यावरच्या वहिनींनी आईला त्यांची पैठणी नेसायला लावली. आई म्हणत होती, "अहो मी काय नवरी आहे का," आणि वहिनी निऱ्या खोचत म्हणत होत्या, "गप उभ्या राहा, पदर दिसू द्या." खुर्च्या विहारातनं आणल्या, प्लॅस्टिकच्या, लाल. त्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं लिहिलंय की ही खुर्ची अमुक कालकथित आजोबांच्या स्मरणार्थ विहारास सप्रेम भेट. म्हणून मी त्या पाठ भिंतीला लावून ठेवल्या.

आणि काकूंनी फ्रिज दिला. फ्रिज.

"साहेबाला काय माठातलं पाणी देता का?" त्या आईला म्हणाल्या. "धरणं बांधलेला माणूस हाय तो."

काकूंना फ्रिज घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्या त्याला रोज पुसायच्या, त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकची फुलं. मी आणि मामानं तो उचलला. आमच्या दाराला अडकला. काकू मागनं ओरडत होत्या, "पेंट जाईल, पेंट जाईल, आरं तिरका कर." तिरका केला, आत गेला. ठेवायला जागा एकच होती, भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या बाबांच्या फोटोखाली. तिथनं वायर काही बोर्डापर्यंत पोचेना. काकू म्हणाल्या, राहू दे, आत बाटल्या गारच हायेत, तेवढा वेळ टिकतील.

ताई हे सगळं मधल्या दारात उभी राहून बघत होती. एकदा म्हणाली, "काकू, एवढं नको ना." काकू म्हणाल्या, "तू गप. साडी नेस." ती मात्र तिनं नेसली नाही. कॉलेजचा पंजाबी ड्रेस घातला.

साहेब आले तेव्हा गल्लीत दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. गाडी आत येत नाही, म्हणून ते कोपऱ्यावर उतरून चालत आले. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, चाल सावकाश. बरोबर एक मॅडम, तिशीच्या, हातात टॅब. गल्लीभर "जयभीम साहेब, जयभीम साहेब" झालं. ते प्रत्येकाला थांबून जयभीम म्हणत होते. पप्पा त्यांच्यामागं चालत होते आणि त्यांची मान मी कधी एवढी वर बघितली नव्हती.

आत आले, बसले. आईनं पोह्यांच्या बश्या भरल्या, ट्रे ताईच्या हातात दिला. ताई ट्रे घेऊन बाहेर आली आणि काय करायचं ते न कळून तशीच उभी राहिली. दारातनं काकू कुजबुजल्या, "पाया पड." ती खाली वाकायला लागली तसे साहेब म्हणाले, "नाही नाही, बाळा, बस तू इथं."

मॅडम सुरू झाल्या. त्यांचा आवाज मला पहिल्या वाक्यातच सापडला. शेवटचा शब्द वर उचलायच्या. "अंकल, मी थोडे क्वेश्चन्स विचारते, हां? तुम्ही कुठे जॉब करता?"

"कंपनीत आहे."

"परमनंट?"

पप्पांनी पोह्याचा चमचा बशीत फिरवला. "बरीच वर्षं झाली, मॅडम."

"ओके. घर तुमचं स्वतःचं?"

"स्वतःचंच समजा."

"आणि आंटी काही करतात?"

आई दोन घरी धुणंभांडी करायची. पप्पा म्हणाले, "घरीच असते." आईनं पैठणीचा पदर सारखा केला.

ताई एकदम म्हणाली, "मॅडम, पप्पा ठेकेदाराकडं..."

"तू पाणी आण," पप्पा म्हणाले. रागानं नाही. लेकीचा बाप पाहुण्यांसमोर म्हणतो तसं.

ताई उठली आणि तिनं फ्रिज उघडला. आतला दिवा लागला नाही. तिनं बाटली काढली, ग्लास भरले. पाणी गार होतं. साहेबांनी एक घोट घेतला आणि खाली जमिनीवर बघत बसले. तिथं खालपर्यंत पडलेली वायर होती, मोकळी.

मग त्यांना उकडत असणार, कारण ते उठले आणि पंख्याखाली यायला स्वतःच खुर्ची ओढायला लागले. मी "साहेब, मी देतो" म्हणत पुढं झालो, पण तोवर खुर्ची वळली होती. पाठीवरची अक्षरं सगळ्या खोलीसमोर. आईनं मान खाली घातली. साहेबांनी वाचलं. संपूर्ण वाचलं, शेवटच्या सप्रेम भेटपर्यंत. मग ते त्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "छान आहे घर."

मॅडमनी शेवटचं विचारलं, "तर अंकल, काही अडचण? काही डिफिकल्टी असेल तर सांगा, हां. ओपनली सांगा."

पप्पांनी हात जोडले. "काही कमी नाही, साहेब. तुमच्यासारख्यांचा आशीर्वाद पाहिजे फक्त. पोरगी हुशार आहे."

मॅडम बोलत होत्या, पण उत्तर ते साहेबांना देत होते.

निघताना साहेब दारात बूट घालायला वाकले. पप्पा शेजारी उभे. बाहेर सगळी गल्ली उभी. साहेब सरळ झाले, पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू, फक्त त्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "फ्रिज कुणाचा आहे?"

मी दाराच्या आत होतो म्हणून मला ऐकू आलं. आणि काकू दाराला चिकटून होत्या म्हणून त्यांना.

पप्पांनी गल्लीकडं बघितलं. टीपॉयवाले मामा, पैठणीवाल्या वहिनी, सगळे. सगळे हसऱ्या तोंडानं उभे. पप्पांचा ओठ हलला, पण काही बाहेर येण्याआधी काकूच बोलल्या, मोठ्यानं, अगदी अभिमानानं.

"त्यांचाच हाय साहेब. नवाच घेतलाय."

साहेबांनी अजून थोडा वेळ पप्पांकडं बघितलं. पप्पा म्हणाले, "हो साहेब." साहेबांनी हात खाली घेतला आणि निघाले.

संध्याकाळी सगळं ज्याचं त्याच्या घरी गेलं. मग सगळ्यांनी मला विहाराच्या ओट्यावर उभं केलं. मी मॅडम काढल्या. "अंकल, ओपनली सांगा, हां?" लोक लोळले. मी काकू काढल्या, पेंट जाईल, पेंट जाईल. काकूंनी मला चप्पल दाखवली. मी साहेब काढले, खुर्चीची पाठ वाचताना, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून. सगळ्यांत जास्त पप्पा हसले. डोळे पुसत म्हणाले, "ते परत कर. छान आहे घर. ते कर." मी केलं. परत कर म्हणाले. मी परत केलं. पप्पांना एवढं हसताना मी त्यानंतर बघितलेलं नाही.

ताई नळावर बश्या धूत होती. ज्याच्या त्याला परत द्यायच्या म्हणून वेगवेगळ्या लावत होती.

पंधरवड्यानं निकाल आला. ताईच्या मोबाईलवर. आपल्या कुटुंबाच्या परिस्थितीचा विचार करता अधिक गरजू विद्यार्थ्यांना प्राधान्य देण्यात आले आहे, पुढील शिक्षणासाठी शुभेच्छा. तिनं मला वाचायला दिला आणि मोबाईल परत घेतला. दोन दिवस तिनं घरात सांगितलंच नाही. मग पप्पांनीच विचारलं आणि तिनं नाही मिळाली एवढंच सांगितलं.

पप्पा जेवत होते. "नाही मिळाली म्हणजे? मार्क कमी पडले?"

"नाही."

"मग मुलाखतीत नीट बोलली नसशील. किती वेळा सांगितलं, माणसाकडं बघून बोलावं. ह्याच्यातलं थोडं तरी घे," म्हणजे माझ्यातलं.

ताई पोळी लाटत होती. लाटणं ठेवलं. "पप्पा, त्यांना वाटलं आपल्याकडं सगळं आहे."

"काय आहे आपल्याकडं?"

"फ्रिज आहे. पैठणी आहे. परमनंट नोकरी आहे. स्वतःचं घर आहे." ती ओरडली नाही. पाढे म्हणतात तसं म्हणाली. "गरिबाला देतात ती, पप्पा. आपण गरीब नाही."

पप्पांनी घास ताटात ठेवला. मधल्या भिंतीपलीकडं काकूंचा फ्रिज सुरू झाला, तो सुरू होताना जरा थरथरतो. आम्ही सगळ्यांनी ऐकला.

काकूंना कळलं तेव्हा त्या आमच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. आत याच ना म्हटलं तर येईनात. "माझ्या तोंडाला आग लागो," म्हणाल्या. आई म्हणाली, "तुम्ही आमच्यासाठीच केलं हो." काकू म्हणाल्या, "त्येच तर. कुणी वाईटासाठी केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते." मग पदरानं नाक पुसलं आणि पप्पांना म्हणाल्या, "भाऊजी, उद्या सुट्टी टाका. मी येते. मी सांगते साहेबाला."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, पप्पा, काकू, ताई आणि मी. ट्रस्टचं ऑफिस कॉलेज रोडला, एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर. काकूंच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. आत मॅडम बसल्या होत्या. काकूंनी बसायच्या आधीच पिशवीतनं कागद काढून टेबलावर ठेवला. फ्रिजचं दुकानातलं बिल. "ह्ये बघा मॅडम. माझ्या मालकाचं नाव हाय. फ्रिज माझा. ह्यांचा नाय. ह्यांच्याकडं माठ हाय."

मॅडमनी बिल बघितलं. मला वाटलं त्या हसतील. नाही हसल्या. त्या चांगल्या होत्या, खरंच. म्हणाल्या, "काकू, बसा ना."

मी मोबाईलवर घराचे फोटो काढून नेले होते, सगळं परत दिल्यानंतरचे. भिंत, माठ, दोरीवरचे कपडे. ते मी पुढं केले. पप्पा माझ्यामागं उभे होते. सांगायला ते आले होते, पण सांगत आम्हीच होतो.

"दादा, उत्पन्नाचा दाखला तर तुम्ही आधीच लावलाय," मॅडम मला म्हणाल्या. त्यांचा तो वर उचललेला शब्द आज खालीच राहिला होता. "पण दाखले सगळेच आणतात. म्हणून तर आम्ही घरी जातो. जे घरी दिसतं आणि सांगतात, त्याच्यावर ठरतं. आणि आता झालंय सगळं. नावं गेली कॉलेजांना."

आतल्या खोलीचं दार उघडून साहेब बाहेर आले. आमचे आवाज ऐकून आले असतील. पप्पा लगेच सरळ झाले. "जयभीम साहेब."

"जयभीम."

पप्पांनी घसा साफ केला. "साहेब, त्या दिवशी फ्रिज... तो आमचा नव्हता."

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले.

"खुर्च्या पण..."

"हो."

मग साहेब म्हणाले, "मी दारात विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतं साहेब."

"उत्तर मी दिलं," काकू मध्येच म्हणाल्या. "त्यांनी नाय दिलं. माझं धरू नका ना साहेब. अडाणी बाईचं काय धरता."

"तुमचं नाही धरलं, ताई. त्यांनी हो म्हटलं." साहेबांचा आवाज कडक नव्हता. थकलेला होता. "माझ्याबरोबर अजून चार जण बसतात निवडीला. 'मला वाटतंय' एवढं सांगून त्यांच्याकडनं मंजुरी घेता येत नाही. दुसऱ्या घरांत लोकांनी सांगितलं हो. रडून सांगितलं. मी तुमच्याकडनं एक शब्द यायची वाट बघत होतो."

पप्पा खाली बघत होते. म्हणाले, "मग आमची कुणाला गेली?"

मॅडमनी साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "पेठ तालुक्याकडची एक मुलगी आहे. वडील नाहीत तिला."

पप्पांनी मान हलवली. "मग बरोबर गेली."

ताई तेवढा वेळ दाराजवळच्या बाकावर बसून होती. पप्पा असं म्हणाले तेव्हा तिनं वर बघितलं आणि परत खाली.

"पुढच्या वर्षी अर्ज करा," साहेब म्हणाले. "मी स्वतः बघतो." आम्ही सगळ्यांनी हो हो म्हटलं. पुढच्या वर्षी अर्ज करायला या वर्षी कॉलेजात नाव राहायला लागतं, हे ताईला माहीत होतं आणि साहेबांना तर असणारच. साहेब आमच्याबरोबर जिना उतरून खालपर्यंत आले. कठड्याला धरून, एकेक पायरी. खाली आल्यावर काहीतरी बोलतील असं वाटलं. त्यांनी काकूंना हात जोडले आणि परत वर जायला लागले.

मी आजही मॅडम काढतो, लोक काढायला लावतात. साहेब काढ म्हणाले की मी दुसऱ्याच कुठल्यातरी साहेबांचा काढतो.

पप्पांनी त्यानंतर पुष्कळ दारं वाजवली. ठेकेदाराचं, कंपनीच्या मोठ्या साहेबांचं, येवल्याच्या आमच्या आत्याचं. फी भरायची मुदत गेली, कॉलेजनं वाढवून दिली, तीपण गेली, आणि सरकारच्या शिष्यवृत्तीचं मोबाईलवर 'तपासणी सुरू'च होतं.

ताई आता एका दवाखान्यात बिलिंगच्या काउंटरला बसते. परत जायचंय म्हणते. म्हणते तेव्हा आम्ही सगळे मान हलवतो. मला खरं तर तिचं काउंटरवरचं बोलणं काढता येतं, "पेशंटचं नाव सांगा, पुढं या," पण मी घरात कधी काढलेलं नाही.

कॉलेजातनं तिचे ओरिजिनल कागद काढायला आम्ही तिघं गेलो होतो, पप्पा, ती आणि मी. पप्पांनी ऑफिसची खिडकी सोडली तर कॉलेज तोवर आतनं बघितलेलंच नव्हतं. ॲडमिशनच्या वेळी आई गेली होती, कारण पप्पांचा खाडा झाला असता. ऑफिसच्या खिडकीसमोर रांग होती, नवीन पोरं, त्यांचे आईबाप, हातात नव्या फाइली. आमचा नंबर आला. आतल्या साहेबांनी अर्ज बघितला. तेच, नाकातनं बोलणारे.

"कारण लिहिलं नाही तुम्ही. कॉलेज सोडण्याचं कारण." पेन उचललं. "घरगुती लिहू?"

ताई म्हणाली, "हो सर, लिहा."

"नाही," पप्पा म्हणाले. "पैसे नाहीत म्हणून."

"अहो, घरगुतीच लिहितात सगळे..."

"पैसे नाहीत साहेब." पप्पा खिडकीच्या जाळीशी तोंड नेऊन बोलत होते आणि आवाज पूर्ण व्हरांड्यात जात होता. रांगेतली माणसं बघायला लागली. "गरीब आहे मी. ठेकेदाराकडं कामाला आहे. घर भाड्याचं आहे. बायको धुणंभांडी करते. फ्रिज नाही आमच्याकडं. काहीच नाही. लिहा तुम्ही."

ताईनं त्यांच्या शर्टाची बाही धरली. "पप्पा, हळू."

"लिहू दे ना त्यांना."

साहेबांनी पेन तसंच धरलं होतं. मग खाली बघून काहीतरी लिहिलं. घरगुतीच लिहिलं असणार, छोटा रकाना होता. कागद दिले. ताईनं एकेक करून मोजून पिशवीत ठेवले आणि सही केली.

बाहेर आल्यावर पप्पा पायऱ्यांवर थांबले. आता त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. "तू कुठं बसायचीस?"

"कुठं म्हणजे?"

"वर्गात. दाखव की."

ती आम्हाला मागच्या बिल्डिंगमध्ये घेऊन गेली. वर्ग उघडा होता, आत कुणी नव्हतं. फळ्यावर कुठलीतरी अर्धवट पुसलेली आकृती होती. ती खिडकीकडच्या दुसऱ्या बाकापाशी गेली आणि म्हणाली, "इथं. माझ्या शेजारी सिन्नरची एक मुलगी बसायची."

पप्पा त्या बाकावर बसले. बाक आणि फळी यांच्यात जागा कमी, पोट अडत होतं, तरी बसले. दोन्ही हात फळीवर ठेवले आणि समोर फळ्याकडं बघत राहिले.

"दिसतं इथनं नीट?" त्यांनी विचारलं.

"दिसतं," ताई म्हणाली.

ती पिशवी छातीशी धरून त्यांच्या शेजारी उभी राहिली. मी दारात होतो. मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं, मी नेहमी बोलतोच. पलीकडच्या वर्गात कुणीतरी शिकवायला सुरुवात केली होती आणि पप्पा ते समजत असल्यासारखं मान हलवत ऐकत होते.